तांब्याचा तांब्या वॉटरकलरमध्ये चमकवायचा कसा

इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला स्थिरचित्राच्या पेपरात आमच्यापुढे पितळेची कळशी ठेवली होती, बाजूला दोन वांगी, एक मक्याचं कणीस आणि मागे निळं कापड. वर्गातल्या सगळ्या पोरांनी मिळून एकच कळशी काढली. अंग पिवळं, उजवीकडे ब्राऊन, आणि पोटावरून वरपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ, कारण शाळेत तसंच शिकवलेलं. माझ्या शेजारच्याने तर खिशातून गोल्डन कलरची बाटली काढली आणि आम्हाला त्याचा हेवा वाटला. वाळल्यावर त्याची कळशी लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखी दिसायला लागली आणि माझी मातीची.

नंतर बरीच वर्षं ब्रश हातात धरला नाही. परत सुरू केलं तेव्हा आईचा पाणी प्यायचा तांब्याचा तांब्या समोर ठेवला आणि दहाएक कागद वाया घालवल्यावर डोक्यात उजेड पडला की सोनेरी, रुपेरी, तांबूस असा चमकणारा रंग ट्यूबमध्ये शोधायचाच नसतो. मातीच्या माठावर उजेड पडला की माठ तो सगळीकडे थोडा थोडा पसरवतो, म्हणून तिथे उजेडाकडून सावलीकडे हळूहळू जाणारा वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, चालतो. घासलेलं भांडं तसं करत नाही, ते समोरची खोली जशीच्या तशी दाखवतं, फक्त वाकडी करून. म्हणजे तुम्हाला भांडं काढायचं नसतं, भांड्यात अडकलेली खोली काढायची असते. आणि त्या खोलीत पांढरीफटक खिडकी आणि तिच्या लगेच शेजारी काळाकुट्ट दरवाजा असला तर भांड्यावरही पांढऱ्याला चिकटून काळा येणार, मधे कसलंही ग्रेडेशन नाही. हा काळा टाकायला आपण सगळेच घाबरतो. भांडं मातीचं दिसतं ते बहुतेक वेळा त्यामुळेच.

आधी एक काम करा, रंगाला हात न लावता. स्टीलचा पेला ओट्यावर ठेवा आणि पाच मिनिटं नुसते बघत बसा. पेला उभा नळकांड्यासारखा असतो त्यामुळे त्याच्यात सगळं उभ्या पट्ट्यांमध्ये दिसतं, खिडकी म्हणजे एक पांढरी पट्टी, तुम्ही स्वतः म्हणजे मधली काळपट पट्टी, शेजारची हळदीची बरणी म्हणजे कडेला एक बारीक पिवळी रेघ. आता तांब्या बघा, तो गोल पोटाचा, त्याच्यात जवळजवळ अख्खी खोली मावते, मध्यभागी तुम्ही, छोटे, आणि जसजसं कडेकडे जाल तसं सगळं दाबलं जातं, छत, जमीन, बाजूच्या भिंती सगळ्या कडेला चेंगरून बसलेल्या. आता मान थोडी डावीकडे हलवा. सगळे हायलाइट, म्हणजे उजेडाचे चमकणारे ठिपके, सरकले ना? हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मांडणी

अर्धं चित्र इथेच ठरतं असं माझं मत आहे. एकच मोठा उजेड ठेवा, शक्यतो एका बाजूची खिडकी. घरात ट्यूबलाइट, वर एलईडी आणि खिडकी असे तिन्ही चालू असले तर भांड्यावर तीन वेगवेगळ्या रंगांचे हायलाइट येतात आणि नवशिक्याचा पार गोंधळ होतो, म्हणून दिवे बंद. खिडकीच्या विरुद्ध बाजूला काहीतरी गडद ठेवा, काळी ओढणी खुर्चीवर टाकली तरी चालते. ती फ्रेममध्ये दिसायची गरज नाही, तिचं प्रतिबिंब भांड्यात पडलं की काम झालं. आणि एक रंगीत वस्तू भांड्याला जवळजवळ चिकटून, लिंबू, टोमॅटो, जास्वंद, काहीही. भांड्याच्या अंगावर त्या लिंबाचा वाकडा पिवळा ठिपका आला की बघणाऱ्याला आपोआप कळतं की हे चकचकीत आहे, वेगळं सांगावं लागत नाही.

मग जागा पक्की करा. मी खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा करतो आणि कागदावर हायलाइट आखताना एक डोळा मिटतो. वेडेपणा वाटेल पण मघाशी मान हलवल्यावर काय झालं ते बघितलंत. खिडकीचा उजेडही सरकतो, त्यामुळे साधारण दोन तासांत आटपेल एवढंच घ्या, किंवा पहिल्या पाच मिनिटांत त्याच जागेवरून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फोटो बघून काढणं म्हणजे चोरी असं मानणारे लोक आहेत, त्यांना नमस्कार. फोटोचा खरा उपयोग वेगळाच आहे, तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघायचा. तांब्याचा भगवा रंग डोळ्याला इतका भुलवतो की तो किती गडद आहे ते कळतच नाही, रंग काढून टाकला की दिसतं की अर्धं भांडं जवळजवळ काळं आहे.

आणखी एक, तांब्या आदल्या दिवशी घासून ठेवा. चिंच आणि मीठ लावून घासलेलं तांबं सुरुवातीला गुलाबीसर असतं, मग हवेने हळूहळू विटकरी होत जातं, मुंबईसारख्या दमट हवेत तर फारच पटकन. मी एकदा एकच चित्र चार दिवस रंगवत बसलो आणि वरचा भाग गुलाबी नि खालचा तपकिरी असं काहीतरी झालं.

ड्रॉइंग

चमक कितीही भारी आली तरी तोंडाचा लंबगोल वाकडा असेल तर भांडं लोळणार. मधोमध एक उभी रेघ मारा, डावीकडची अर्धी बाजू नीट काढा, ट्रेसिंग पेपरवर घेऊन उलटी करून उजवीकडे उतरवा. लाज वाटून घेऊ नका. तोंडाचा लंबगोल चपटा आणि बुडाचा जास्त उघडा, कारण बूड डोळ्याच्या पातळीपासून जास्त खाली असतं. लंबगोलाची टोकं टोकदार करू नका, ती नेहमी वळलेली असतात.

बाहेरची रेघ झाली की आतला नकाशा. हायलाइटचे आकार, सगळ्यात काळे आकार, आणि रंगीत वस्तूचं प्रतिबिंब, एवढंच एचबीने हलक्या हाताने आखा. इथे आकार बघून काढायचा, नाव आठवून नाही. खिडकी आहे म्हणून चौकोन काढायचा मोह होतो पण पोटावर ती फुगलेल्या उशीसारखी दिसते, बाजू बाहेर वळलेल्या, आणि गजांच्या रेघाही तशाच वाकलेल्या. आखून झाल्यावर पुट्टी रबर, म्हणजे पिठासारखं मळता येणारं मऊ खोडरबर, नुसतं दाबून पेन्सिल फिकी करा, वर रंग गेला की पेन्सिल पुसणं अवघड होतं.

कागद आणि रंग, थोडक्यात

300 जीएसएमचा, म्हणजे जाड, कागद घ्या. पूर्ण कॉटनचा परवडला तर उत्तम, नाहीतर ब्रस्ट्रोचा साधा पॅडही शिकायला चालतो. ड्रॉइंगबुकचा कार्ट्रिज पेपर नको, दुसऱ्याच वॉशला पापडासारखा वर येतो. धातूसाठी गुळगुळीत हॉट प्रेस कागदावर कडा धारदार मिळतात पण तो रंग पटकन पिऊन घेत नाही, रंग वरच तरंगत राहतो, सवय नसेल तर चीड येते. मी कोल्ड प्रेसवरच, म्हणजे जरा खरबरीत कागदावरच, करतो.

रंग सात पुरे: यलो ऑकर, लेमन यलो, बर्न्ट सिएना, लाइट रेड किंवा एखादा केशरी, अलिझारिन क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट अंबर. कॅमलच्या आर्टिस्ट ट्यूब घेतल्या तरी हे सगळे मिळतात. काळी ट्यूब घरी ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना किंवा अंबर घट्ट मिसळले की जो काळा येतो तो जिवंत असतो, निळ्याकडे झुकवला तर थंड, ब्राऊनकडे झुकवला तर गरम. ट्यूबमधला काळा तांब्यावर लावला की भोक पडल्यासारखा दिसतो. ब्रश दोनच, 8 नंबरचा राउंड आणि 3 किंवा 4 नंबरचा चांगलं टोक असलेला. पट्ट्यांसाठी अर्ध्या इंचाचा फ्लॅट असला तर पेला झटकन होतो.

पांढरं राखणं

वॉटरकलरमध्ये पांढरा म्हणजे कागद. तो एकदा गेला की गेला. मी मोठे हायलाइट नुसते सोडून देतो, ब्रश त्यांना वळसा घालून जातो, आणि अगदी बारीक रेघा किंवा ठिपके असतील तरच मास्किंग फ्लुइड लावतो, म्हणजे त्याच्याखालचा कागद कोरा राहतो. ते रबरासारखं असतं, ब्रश हमखास खराब करतं, म्हणून जुना ब्रश आधी अंघोळीच्या साबणावर घासून मग त्यात बुडवायचा. आणि घाई असली तरी मास्किंग लावलेल्या कागदावर हेअर ड्रायर मारू नका. मी मारला होता. गरम होऊन ते कागदाला असं काही चिकटलं की काढताना कागदाची सालच निघाली, बरोबर तांब्याच्या पोटावर, आणि त्या जागी पुढचा रंग शाईसारखा फुटला. दोन-तीन दिवस तसंच ठेवलं तरी असंच होतं. लावा, रंगवा, वाळू द्या, त्याच दिवशी बोटाने चोळून काढा. काढल्यावर कडा जरा जास्तच कापल्यासारखी दिसते, तिथे ओलसर ब्रशने एका बाजूने हलकं घासून मऊ करा.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी ठरवून टाका. समोरच्या भांड्यावरचा हायलाइट हा कागदाच्या पांढऱ्यापेक्षा कितीतरी उजळ असतो, डोळे दिपतात त्याने, कागद काही दिपवत नाही. आपल्याकडे यापेक्षा पांढरं काही नाही म्हणून बाकी सगळंच एक पायरी खाली, म्हणजे गडद, उतरवायचं. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा धरलेल्या बाईचं चित्र बघितलं असेल, मैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे आणि कित्येक लोक ते रविवर्म्याचं समजतात. ते वॉटरकलर आहे, आणि दिव्याचा उजेड एवढा खरा वाटतो कारण आजूबाजूचं जवळजवळ सगळं चित्र त्यांनी अंधारात नेलंय.

आता तांब्या

पहिला वॉश एकदम पातळ. बर्न्ट सिएनात चिमूटभर लाइट रेड, भरपूर पाणी, गव्हाळ दिसेल इतकं फिकं. अख्ख्या भांड्यावर फिरवा, मोठे दोन-तीन हायलाइट सोडून. इथे एक बारकावा आहे. स्टील येणाऱ्या उजेडाला स्वतःचा रंग फारसा लावत नाही, तांबं लावतं, ते निळा उजेड गिळून टाकतं आणि उरलेला परत पाठवतं. म्हणून तांब्यावरचे बाकीचे सगळे हायलाइट कोरे पांढरे ठेवू नका, त्यांच्यावर हा गव्हाळ वॉश जाऊ दे, कोरा कागद फक्त खिडकीच्या सगळ्यात भगभगीत जागी. नुसत्या एवढ्या फरकाने तांबं आणि प्लास्टिक वेगळं दिसायला लागतं, कारण प्लास्टिकच्या लाल मगवर हायलाइट पांढराच असतो.

हा वॉश ओला असतानाच जिथे छताचं प्रतिबिंब आहे, म्हणजे खांद्यावर, तिथे थोडा पाण्याचा हात, आणि जिथे टेबलाचं आहे, म्हणजे पोटाच्या खालच्या अर्ध्यात, तिथे जास्त सिएना सोडा. आपोआप मिसळू दे, मधे मधे ब्रश घालू नका. मग उठून चहा घ्या. पावसाळ्यात दोन कप घ्या, कागद वाळतच नाही, आणि मे महिन्यात उलट, वॉश अर्ध्यावर असतानाच कडा वाळून रेघ पडते, तेव्हा कागद आधी मागून जरा ओला करून घ्यायचा. हाताच्या मागच्या बाजूने कागदाला स्पर्श करा, गार लागला तर अजून ओला आहे.

दुसऱ्या थराला मधले टोन, म्हणजे ना फार उजळ ना फार गडद. सिएना, लाइट रेड, थोडा अलिझारिन, सायीसारखं नाही पण दुधाइतकं घट्ट. आता नकाशातल्या आकारांप्रमाणे तुकडे तुकडे भरा. बहुतेक कडा धारदार ठेवा, तीन-चार ठिकाणीच पाण्याच्या ब्रशने एक बाजू विरघळवा, जिथे प्रतिबिंब हळूहळू वळून जातंय तिथे. सगळ्याच कडा मऊ केल्या तर गुळाची ढेप होते.

गळा मात्र सावकाश करा, तांब्या ओळखू येतो तो गळ्यामुळे. पोट बाहेर फुगलेलं आणि गळा आत गेलेला, त्यामुळे तिथे उजेडाचा क्रम फिरतो. वरून खाली या: काठ, उजळ, कारण तो वर बघतो. काठाच्या लगेच खालचा भाग बाहेर झुकलेला असतो, तो खाली बघतो, त्याला दिसतो स्वतःचाच खांदा. तांब्यात तांब्याचं प्रतिबिंब. उजेड दोनदा तांब्यावर आपटून आलेला, म्हणून दोनदा रंगलेला, त्यामुळे तिथे नुसता गडद नाही तर पेटलेला लालभडक केशरी दिसतो, लाइट रेडमध्ये अलिझारिन घालून अजिबात न घाबरता लावा. मग गळ्याचा खालचा भाग खांद्यात उतरतो, तो परत वर बघतो, परत उजळ. मग पोट. म्हणजे उजळ, पेटता गडद, उजळ, आणि मग पोटावरची सगळी जत्रा. हाच प्रकार तांब्याच्या आत, तोंडातून डोकावलं की जो निखाऱ्यासारखा रंग दिसतो तो यामुळेच. आतून कल्हई असेल तर मात्र आतला रंग राखाडी, हे बघून घ्या.

तिसरा थर काळा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर, पाणी जेमतेम, ट्यूबमधून आत्ता काढल्यासारखं. वॉटरकलर वाळला की फिका होतो, त्यामुळे ओला असताना 'अरे बापरे' वाटायला हवं, तरच वाळल्यावर बरोबर बसतो. सगळ्यात काळे आकार कुठे आहेत? ओढणीचं प्रतिबिंब, तुमचं स्वतःचं, बुडाशी टेबलाला टेकतं तिथली बारीक रेघ. एक आकार एका दमात, परत परत त्यावर फिरायचं नाही. आणि निदान एका ठिकाणी हा काळा कोऱ्या पांढऱ्याला भिडवा, मधे काहीच न ठेवता. मला अजूनही त्या क्षणी हात आखडता घ्यावासा वाटतो, पण तो काळा पडला की तेच भांडं, जे आत्तापर्यंत मडकं होतं, टणक बनतं, बोटाने वाजवलं तर वाजेल असं.

आता कडा. बाहेरची रेघ सगळीकडे सारखी ठळक करू नका. भांड्याच्या अगदी कडेला नजर घासून जाते आणि तिथे भांड्याच्या मागचं दिसतं, म्हणजे मागे निळा पडदा असेल तर कडेवर निळ्याची एक बारीक पट्टी येते आणि तिथे तांबंसुद्धा आपला रंग जवळजवळ सोडून देतं. त्या एक-दोन जागी भांड्याचा आणि पडद्याचा रंग एकच येऊ दे, कड हरवू दे. डोळा ती पुरी करून घेतो. एरवी कातरून चिकटवलेल्या चित्रासारखं दिसतं सगळं.

टेबलावरची सावली ही नुसती करडी नसते. भांड्यावरून परतलेला उजेड टेबलावर सांडतो, सावलीच्या शेजारी किंवा तिच्या आतच केशरी वाकडीतिकडी रेघ पडलेली दिसेल. सावली ओली असतानाच तिथे थोडा सिएना सोडा.

मठारलेला असेल तर

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे हातोडीने ठोकून भांड्यावर ज्या खळग्या पाडतात त्याला मठारकाम म्हणतात. असा तांब्या काढायला घेतला की पहिला प्रश्न, त्या शेकडो खळग्या काढायच्या का. नाही. प्रत्येक खळगी म्हणजे एक छोटा आरसा, प्रत्येकीत एक उजळ ठिपका आणि त्याच्या समोरच्या बाजूला एक गडद चंद्रकोर, पण ही गंमत स्पष्ट दिसते ती जिथे उजेड संपून काळोख सुरू होतो त्या पट्ट्यात. तिथल्या पंधरा-वीस खळग्या मन लावून काढा. भर उजेडात त्या पुसट होतात, पूर्ण काळ्यातही बुडतात, तिथे चार-दोन इशारे पुरे. आणि ओळी सांभाळा, तांबट आडव्या रांगांनी ठोकत जातो, त्या रांगा पोटाच्या गोलाईप्रमाणे वळतात आणि कडेला खळग्या चपट्या होत जातात. सगळ्या सारख्या गोल काढल्या तर भांड्याला देवी आल्यासारखं दिसतं.

स्टील आणि पितळ

स्टील सोपं आहे असं सगळे म्हणतात, मला ते तांब्यापेक्षा चिवट वाटतं कारण त्याला स्वतःचा रंग जवळजवळ नाहीच. शेजारी जे असेल तेच त्याचा रंग. नुसत्या करड्या रंगाने रंगवलं तर सिमेंटचा पाइप होतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा करडा बनवा पण एका पट्टीत निळा जास्त, दुसरीत ब्राऊन जास्त, आणि मधेच शेजारच्या टोमॅटोची लाल रेघ. पट्ट्या उभ्या, फ्लॅट ब्रशने एका झटक्यात. आणि डब्याच्या झाकणाकडे नीट बघा. ज्या झाकणावर लेथच्या बारीक गोल रेघा असतात त्याच्यावर उजेड डमरूसारखा पडतो, मध्यापासून दोन्हीकडे पसरत जाणारे दोन त्रिकोण. मी कितीतरी वर्षं झाकणावर नुसता गोल हायलाइट टाकत होतो आणि ते थाळीसारखं का दिसतंय ते कळत नव्हतं. डमरू टाकला, झालं झाकण.

पितळ पिवळं म्हणून लोक चकतात. त्याच्या मधल्या टोनमध्ये हिरवट झाक असते. पहिला वॉश लेमन आणि ऑकर, मधला ऑकरमध्ये अंबर आणि अगदी टोकावर घेतलेला अल्ट्रामरीन, म्हणजे शेवाळी, आणि काळा अंबरकडे झुकणारा. पिवळ्यात सरळ जांभळा घालून सावली करायला पुस्तकी कलर व्हील सांगतं, पितळेवर त्याचा चिखल होतो हा माझा अनुभव आहे. समई काढायची असेल तर तिला एक खांब समजू नका, ती एकावर एक ठेवलेली वीस-पंचवीस बुटकी भांडी आहेत. प्रत्येक कड्याला आपापला उजळ ठिपका आणि आपापला काळा, मग ती उभी पांढरी रेघ तुटक तुटक येते. आमच्या त्या कळशीवर सरळ रेघ मारली होती ना, तीच चूक.

बिघडलं तर

हायलाइटवर रंग गेला असेल तर ओला असताना टिश्यू दाबा. वाळला असेल तर स्वच्छ ओला ब्रश, थोडं घासा, टिश्यू, परत. अल्ट्रामरीन आणि मातीचे रंग, म्हणजे ऑकर, सिएना, अंबर, बऱ्यापैकी निघतात, अलिझारिन कागदाला धरून बसतो, तो डाग राहणारच. शेवटचा उपाय पांढरा गॉश, म्हणजे खालचं झाकणारा घट्ट वॉटरकलर, किंवा पांढरं जेल पेन, काठावरच्या दोन-तीन ठिणग्यांपुरतं. दहा ठिपके टाकलेत की भांड्यावर चुना उडाल्यासारखं दिसतं.

चिखल झाला असेल, म्हणजे चौथा पाचवा थर चालू असेल, तर थांबा आणि नवा कागद घ्या. तीन थरांत जे झालं नाही ते सातव्यात होत नाही.

झाल्यावर चित्र भांड्याशेजारी उभं करून सात-आठ फुटांवरून बघा, डोळे किलकिले करून. बहुतेक वेळा एकच काळा कमी पडलेला असतो, तो टाका आणि ब्रश धुवून ठेवा. आणि तांब्या ज्याचा त्याला परत नेऊन द्या, माझ्या आईने आमचा तीन दिवस शोधला आणि चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर सापडला तेव्हा त्यात मी ब्रश बुडवत होतो.